सरस्वतीबाईंनी धरलेली चादर



आज बोलायचंय फोटोबद्दल. तुमच्या-माझ्या हातातल्या मोबाइलवर चांगला फोटो कसा काढायचा, याबद्दल. पण त्यासाठी मी तुम्हाला जरा मागे नेणार आहे, शंभर-दोनशे वर्षं मागे. घाबरू नका, परीक्षा नाही. मागे गेल्याशिवाय आपलं काय चुकतं ते कळत नाही, म्हणून.

सुरुवात मात्र आमच्याच गटापासून करते. दिवाळीच्या आधी आम्ही उडदाचे पापड आणि बाजरीच्या खारवड्या केल्या होत्या. शहरातल्या एका दुकानदारानं निरोप दिला, ‘फोटो पाठवा, बघून ऑर्डर देतो.’ दिवसभर ज्याची त्याची कामं. सगळ्या जमलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. स्टीलच्या ताटात पापड मांडले, वर पिवळा बल्ब होता, फ्लॅश मारला, फोटो काढला, पाठवून दिला. दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘ताई, माल जुना आहे का?’

बायांनो, ते पापड दोन दिवसांपूर्वी वाळवलेले होते! पण फोटो बघितला तर त्या माणसाचंही खरंच होतं. पापड पिवळट, कडा काळपट आणि ताटाच्या मधोमध फ्लॅशचा पांढरा गोळा. ऑर्डर गेली.

पुढच्या बैठकीत विषय निघाला, की आपला फोनच बेकार आहे. गटाच्या बचतीतून पंधरा हजार काढू आणि चांगला कॅमेऱ्याचा फोन घेऊ. पंधरा हजार! दोघींच्या शेळ्यांचं कर्ज त्यात भागलं असतं. मी म्हटलं, ‘महिनाभर थांबूया. आधी बघू, दोष फोनचा आहे का आपला.’ त्या महिन्यात मी जे वाचलं आणि आम्ही मिळून जे करून पाहिलं, ते आज सांगते.

आठ तासांचा एक फोटो

जगातला सगळ्यात जुना, आजवर टिकलेला कॅमेऱ्याचा फोटो फ्रान्समधला आहे. निसेफोर निएप्स नावाच्या गृहस्थांनी १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून तो काढला. फोटोत काय आहे? समोरची छपरं आणि भिंती, बाकी काही नाही. पण त्यासाठी कॅमेरा निदान आठ तास उघडा ठेवावा लागला. म्हणजे आपण सकाळी भाकरी थापून शेतात जावं, खुरपणी करून परत यावं, तोवर एक फोटो! त्यांनी धातूच्या पत्र्यावर एक प्रकारचं डांबर लावलं होतं. उजेड पडला तिथं ते घट्ट झालं, न पडला तिथलं धुऊन निघालं. त्यातून चित्र उमटलं.

यातच सगळं आलं बघा. फोटो कॅमेरा काढत नाही, उजेड काढतो. कॅमेरा म्हणजे नुसती एक अंधारी खोली, तिला एक भोक. दुपारी बंद घरात कौलाच्या फटीतून किंवा दाराच्या भोकातून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर बाहेरच्या झाडाची, माणसाची उलटी सावली हलताना दिसते, हे आपल्यातल्या कितीतरी जणींनी लहानपणी पाहिलंय. तोच कॅमेरा. आपल्या मोबाइलमध्येही तीच अंधारी खोली आहे, फक्त करंगळीच्या नखापेक्षा लहान. खोली लहान म्हणून तिला उजेड जास्त लागतो. संध्याकाळी सातला बल्बखाली आपण त्या बिचारीला उपाशी ठेवलं होतं.

पुढे निएप्स यांचे भागीदार लुई दागेर यांनी ही वेळ आठ तासांवरून काही मिनिटांवर आणली आणि १८३९ मध्ये ती पद्धत जगापुढे आली. त्यांचा पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. भरदिवसाचा, गजबजलेला रस्ता. पण फोटोत रस्ता रिकामा! घोडागाड्या नाहीत, माणसं नाहीत. का? कारण सगळी हलत होती. एवढ्या वेळात जे हललं, ते पुसलं गेलं. कोपऱ्यात फक्त एक माणूस उमटलाय, कारण तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा होता.

म्हणजे दुसरी गोष्ट, स्थिरपणा. आपला फोन आता सेकंदाच्या छोट्याशा भागात फोटो काढतो, पण उजेड कमी झाला की तोही डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात आपला हात हलतो आणि फोटो धूसर येतो. मग आपण म्हणतो, कॅमेरा खराब. तर फोन दोन्ही हातांनी धरायचा, कोपरं बरगड्यांना टेकवायची, दाराच्या चौकटीला किंवा खांबाला टेकून उभं राहायचं, एक श्वास सोडायचा आणि मग बटण दाबायचं. जातं फिरवणाऱ्या, हंडा डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या बाईला स्थिरपणा शिकवायला नको. फक्त फोन धरताना आपण घाई करतो.

उत्तरेची खिडकी आणि मानेमागची सळई

हा शोध मुंबईला पोचायला वेळ लागला नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचे भाऊ नारायण दाजी हेसुद्धा डॉक्टर होते आणि त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफरही होते. म्हणजे आपली मराठी माणसं या कलेत पहिल्यापासून आहेत.

त्या वेळच्या स्टुडिओत विजेचा दिवा नव्हता. सगळं काम सूर्यावर. म्हणून स्टुडिओ वरच्या मजल्यावर असायचा आणि त्याला काचेची मोठी खिडकी किंवा काचेचं छप्पर असायचं, शक्यतो उत्तरेला. का उत्तरेला? कारण उत्तरेकडून सहसा ऊन थेट आत येत नाही, पण उजेड दिवसभर सारखा येतो. तो मऊ असतो. चेहऱ्यावर काळ्या सावल्या पाडत नाही.

आपल्याला काचेचं छप्पर नको. आपल्याकडे ओसरी आहे. घराच्या ज्या बाजूला ऊन नाही पण उजेड भरपूर आहे, तो आपला स्टुडिओ. दारात, उंबऱ्याच्या आत हातभर अंतरावर माणसाला बसवा, तोंड बाहेर उजेडाकडे करा आणि तुम्ही दाराच्या बाहेर किंवा बाजूला उभ्या राहा. आपण नेमकं उलटं करतो. माणसाला दाराकडे पाठ करून उभं करतो, मागून उजेडाचा लोंढा येतो आणि चेहरा कोळसा होतो. लक्षात ठेवा, उजेड फोटो काढणारीच्या पाठीशी किंवा बाजूला हवा, समोर नको.

जुन्या स्टुडिओत आणखी एक वस्तू असायची. खुर्चीमागे लोखंडी सळई आणि तिला चिमटा. बसणाऱ्याची मान मागून त्यात अडकवायचे, हलू नये म्हणून. जुन्या फोटोंतली माणसं इतकी ताठ आणि गंभीर का दिसतात, त्याचं एक कारण हे. आता सळई गेली, पण आपली सवय राहिली. फोटो म्हटलं की आपण अजून हात सरळ सोडून, श्वास रोखून, शिक्षा झाल्यासारख्या उभ्या राहतो. गरज नाही. काम करताना काढा. पापड लाटताना, गोधडीचा टाका घालताना, शेळीला पाला टाकताना. फोटो बोलायला लागतो.

नाव न विचारता काढलेले फोटो

आता एक कडू प्रकरण. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारनं ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ मोठे ग्रंथ काढले. देशभरातल्या माणसांचे फोटो त्यात आहेत. पण बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही. आहे ते जातीचं किंवा जमातीचं नाव, आणि सोबत ती माणसं स्वभावानं कशी, भरवशाची की नाहीत, असले शेरे. १८५७ च्या उठावानंतर राज्य करणाऱ्यांना ‘ही माणसं कोण’ याची यादी हवी होती. पिकाचे नमुने गोळा करावेत, तशी माणसं गोळा केली.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपणही कधीकधी तेच करतो. पाहुणे येतात, प्रशिक्षणवाले येतात, ‘चला ताई, फोटो’ म्हणतात, आपण रांगेत उभ्या राहतो. तो फोटो कुठं गेला, त्याखाली काय लिहिलं, आपल्याला कळत नाही. आणि आपणही कुणाच्या मोडक्या घराचा, कुणाच्या रडणाऱ्या पोरीचा फोटो न विचारता ग्रुपवर टाकतो. फोटो काढण्याआधी विचारायचं. पाठवण्याआधी परत विचारायचं. ‘नको’ म्हटलं तर फोन खाली ठेवायचा. आणि फोटोखाली नाव लिहायचं ते पूर्ण, तिला आवडेल तसं.

त्या काळी बायकांचा प्रश्न आणखी वेगळा होता. पडद्यातल्या बाईनं परक्या पुरुषापुढे फोटोला बसायचं कसं? म्हणून १८९२ मध्ये लाला दीनदयाळ या प्रसिद्ध छायाचित्रकारांनी हैदराबादला फक्त बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. त्याला उंच भिंती होत्या आणि फोटो काढायला एक इंग्रज बाई होत्या. बाईच्या हातात कॅमेरा आला की समोरची बाई मोकळी होते, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आजही बघा, गटाचा फोटो काढायला कुणाचा तरी मुलगा आला की आपण पदर सावरण्यातच असतो. आपल्यातल्याच एकीनं काढला की हसतो.

कोंबड्यांच्या खुराड्यातला स्टुडिओ

‘आता या वयात आम्हाला काय जमणार?’ असं आमच्या गटातल्या मावशी म्हणाल्या. त्यांना मी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची गोष्ट सांगितली. या बाई १८१५ साली कलकत्त्यात जन्मल्या. पुढे इंग्लंडला गेल्या. त्या ४८ वर्षांच्या असताना त्यांच्या मुलीनं त्यांना कॅमेरा भेट दिला.   त्यांनी काय केलं? कोळशाची खोली रिकामी करून तिथं फोटो धुवायची अंधारी खोली केली आणि काचा लावलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला! स्वयंपाकघरात, अंगणात वावरणारी माणसं, घरातल्या मोलकरणी, शेजारची पोरं यांना समोर बसवून फोटो काढले. लोक नावं ठेवायचे, फोटो अंधुक आहेत म्हणून. आज त्यांची गणना जगातल्या मोठ्या छायाचित्रकारांत होते. का? त्या जवळ जायच्या. चेहऱ्याच्या अगदी जवळ.

ही तिसरी गोष्ट, जवळ जाणं. मोबाइलवर दोन बोटांनी फोटो मोठा करायची आपल्याला सवय आहे. पण साध्या फोनमध्ये त्यामुळे कॅमेरा जवळ जात नाही, आहे तेच चित्र ताणलं जातं, कमी पिठाची पोळी ताणावी तसं. मध्येच विरतं. त्यापेक्षा दोन पावलं पुढे टाका. पाय हाच खरा झूम.

आणि घराघरांत नाव माहीत असलेली आपली आनंदी. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर व्हायला गेल्या, तिथला १८८५ चा एक फोटो आहे. त्यात तिघी बसल्यात. एक आपल्या आनंदीबाई साडीत, एक जपानची किमोनोत आणि एक सीरियाची तिच्या वेशात. तिघीही डॉक्टरकी शिकणाऱ्या. १८८७ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी आनंदीबाई गेल्या. त्या दिवशी त्या फोटोला बसल्या म्हणून आज आपण त्यांच्या डोळ्यांत बघू शकतो. फोटो काय करतो, तर ‘ही होती’ एवढं सांगतो. पण तेवढं फार मोठं असतं.

चादर

आता येते त्या गोष्टीकडे, जिच्यामुळे आमच्या गटाचे पंधरा हजार वाचले.

दादासाहेब फाळके आपले, त्र्यंबकेश्वरचे. सिनेमा काढण्याआधी ते फोटोग्राफर होते. गुजरातेत गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ टाकला होता. तिथं त्यांना गिऱ्हाईक मिळायची पंचाईत, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो अशी लोकांची समजूत होती. पुढे १९१२ मध्ये ते विलायतेहून सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले, पण सिनेमाला पैसा कोण देणार? तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि एकाच जागेवरून रोज थोडंथोडं चित्रण केलं, महिनाभराहून जास्त. सगळं जोडून दाखवलं तेव्हा मिनिटभरात दाणा फुटतो, कोंब येतो, वेल होतो, असं डोळ्यांपुढे घडलं. ‘अंकुराची वाढ’ म्हणतात त्याला. ते बघून पैसे देणारा मिळाला.

आणि मग ‘राजा हरिश्चंद्र’. ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. पण त्यामागे सरस्वतीबाई होत्या, दादासाहेबांच्या पत्नी. त्यांनी दागिने दिले. कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम त्या शिकल्या, तेही अंधारात, हाताच्या अंदाजानं. फिल्म धुवायची रसायनं त्या कालवायच्या. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे. आणि हे सगळं करून चित्रीकरणाच्या वेळी भर उन्हात तासन्‌तास पांढऱ्या चादरी धरून त्या उभ्या राहायच्या.

चादरी कशाला? ऊन एका बाजूनं आलं की चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी काळी पडते. त्या काळ्या बाजूला पांढरी चादर धरली की तिच्यावर पडलेलं ऊन परत चेहऱ्यावर येतं आणि सावली निवते. बस, एवढंच. भारतातल्या पहिल्या मोठ्या चित्रपटातल्या चेहऱ्यांवर पडलेला उजेड एका मराठी बाईनं चादरीनं फिरवलेला होता.

हे वाचलं आणि मी दुसऱ्या दिवशी घरातली पांढरी चादर काढली.

सकाळचे नऊ वाजले होते. आमच्या एका ताईंची ओसरी. स्टीलचं ताट बाजूला ठेवलं, कारण ते आरशासारखं चमकतं. त्याऐवजी जुन्या गडद निळ्या लुगड्याचं कापड पसरलं. पापड पांढरा, म्हणून मागचा रंग गडद. खारवडी काळपट, म्हणून तिच्याखाली फिकं सूप. उजेड डावीकडून येत होता, उजवीकडे दोघींनी चादर धरली. मी पदराच्या सुती टोकानं कॅमेऱ्याची काच पुसली. मैत्रिणींनो, हे तर आपण कधी करतच नाही. त्या काचेवर पिठाचे हात, तेलाची बोटं, चुलीचा धूर, सगळं बसलेलं असतं. नंतर स्क्रीनवर पापडावर बोट टेकवलं. बोट टेकवलं की फोन तिथंच नजर लावतो. बऱ्याच फोनमध्ये शेजारी एक छोटा सूर्य येतो, तो वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. फ्लॅश बंद. आणि बटण दाबलं.

फोन तोच. पापड तेच. पण फोटोत उडदाचा दाणा न् दाणा, मिऱ्याचा कण न् कण दिसत होता. मावशी म्हणाल्या, ‘अगं, हे तर पाकिटावरच्या चित्रासारखं झालं!’

तो दुकानदार परत आला नाही. पण तालुक्याच्या प्रदर्शनाआधी हे फोटो दाखवून दुसरीकडची छोटी ऑर्डर मिळाली. नव्या फोनचा ठराव आम्ही मागे घेतला आणि इतिवृत्तात लिहिलं, ‘फोन जुनाच चालेल. चादर धुऊन ठेवावी.’

वाटाण्याच्या कुंडीतून शिकण्यासारखं

दादासाहेबांच्या त्या वाटाण्यात आपल्या कामाचं आणखी एक आहे. एकच जागा, एकच दिशा, ठरावीक दिवस. शेताचा फोटो असाच काढा. बांधावरचं एक झाड किंवा विहिरीचा कठडा ठरवा. दर आठ-पंधरा दिवसांनी तिथंच उभं राहून पिकाचा एक फोटो काढा. पेरणी, उगवण, फुलोरा, बोंड. उद्या गारपीट झाली, पाणी शिरलं, तर ‘आधी असं होतं, आता असं आहे’ हे तुमच्या हातात असेल. नुकसानीचे फोटो काढताना एक लांबून, सगळं शेत आणि ओळखीची खूण दिसेल असा, आणि एक जवळून, मोडलेलं पीक दिसेल असा. दोन्ही लागतात. शेळी-म्हशीचा विमा असेल तर एका फोटोत पूर्ण जनावर आणि दुसऱ्यात कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर नीट वाचता येईल असा. नुकसान किती तासांत कळवायचं, कोणते फोटो चालतात, हे नियम बदलत असतात, म्हणून कृषी कार्यालयात किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा.

२०२१ पासून आपल्याकडे ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. पूर्वी पीकपाण्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात व्हायची, आता बाईसुद्धा आपल्या शेतात उभी राहून करू शकते. हा अधिकार हातातल्या फोनमुळे आलाय. तो घरातल्या पोरावर सोडू नका. एकदा स्वतः करून बघा.

कागदाचा फोटो काढताना कागद जमिनीवर सपाट ठेवा, बरोबर वरून काढा, स्वतःची सावली पडू देऊ नका. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो बारीक होऊन जातो. अक्षरं वाचायची असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

फोनमध्ये कॅमेरा आला कसा

फिल्म नसलेला पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनीअरनं कोडॅक कंपनीत जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर. फोटो साठवायला कॅसेट, एका फोटोला २३ सेकंद. आणि फोटोत ठिपके किती? दहा हजार. आज आपल्या साध्या फोनच्या फोटोत काही लाख ते काही कोटी ठिपके असतात. तेव्हा ‘किती मेगापिक्सेल’ म्हणून दुकानात भुलू नका. ठिपके आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त आहेत, कमी पडतो तो उजेड.

आणि फोनवरून पाठवलेल्या पहिल्या फोटोंपैकी सगळ्यात गाजलेला कोणता, माहीत आहे? ११ जून १९९७ रोजी अमेरिकेतल्या एका प्रसूतिगृहात फिलिप कान नावाचे गृहस्थ बायकोच्या बाळंतपणाची वाट बघत बसले होते. बसल्याबसल्या त्यांनी कॅमेरा, लॅपटॉप आणि फोन एकमेकांना जोडले आणि जन्मलेल्या लेकीचा फोटो लगेच ओळखीपाळखीच्या लोकांना धाडला. पुढे दोन-तीन वर्षांत जपानमध्ये कॅमेरा असलेले फोन बाजारात आले. बाळंतिणीच्या खोलीतून, एका लेकीच्या फोटोनं ही गोष्ट सुरू झाली, हे मला फार आवडतं.

आपलं नाव, आपला चेहरा

शेवटी दोन गोष्टी.

होमाई व्यारावाला या आपल्या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ चा जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्या सायकलवरून फिरायच्या. स्वातंत्र्याच्या वेळचे कितीतरी प्रसिद्ध फोटो त्यांचे. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं. पुढे त्यांचं नाव झालं, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. म्हणून सांगते, फोटो काढाल तर आपलं आणि गटाचं नाव लिहा. कष्ट आपले आणि नाव दुसऱ्याचं, असं आता पुरे.

दुसरी गोष्ट बोलायला जड जाते. आमच्या गटातल्या एक काकू दोन वर्षांपूर्वी अचानक गेल्या. दहाव्याला लावायला फोटो हवा होता. घरात एकही नव्हता. आधार कार्डावरचा ओळखूही येत नव्हता. मुलगी माझ्याकडे आली. मी फोनमध्ये शोधलं. गटाचे माझ्याकडे दोनशेहून जास्त फोटो होते. बँकेचे साहेब, पाहुणे, फीत, दीपप्रज्वलन. काकू सापडल्या एकाच फोटोत. मागच्या रांगेत, दुसऱ्या बाईच्या खांद्याआड, अर्धा चेहरा. तोच कापून, मोठा करून लावला. दहा वर्षं दर महिन्याला शंभर रुपये वेळेवर भरणारी ती बाई, आणि तिचा माझ्याकडे अर्धाच चेहरा. तो फोटो मीच काढला होता. उंच बायका पुढे, ठेंगण्या मागे, हे मला दिसलंच नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे दर बैठकीत दोन जणींचा एकेकटीचा फोटो काढतो. ओसरीत, सकाळच्या उजेडात, तिच्या डोळ्यांच्या उंचीला फोन धरून. ती बसली असेल तर आपणही खाली बसायचं. मागे दोरीवरचे कपडे, बादली, वायर दिसत नाही ना ते बघायचं. तीन-चार फोटो काढायचे आणि कोणता ठेवायचा ते तिलाच विचारायचं. वर्षातून एकदा ते कागदावर छापून घ्यायचे, कारण फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो, पोरं पुसून टाकतात. छापलेला फोटो पत्र्याच्या पेटीत पन्नास वर्षं राहतो.

तर मैत्रिणींनो, या महिन्याचा गृहपाठ. तुमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला उजेडात बसवा. तिला विचारा, तिची परवानगी घ्या. एकीनं काच पुसून फोन धरायचा आणि दुसरीनं तिच्या सावलीच्या बाजूला पांढरी चादर धरायची. फोटोखाली तारीख घाला, तिचं पूर्ण नाव लिहा, काढणारीचं नाव लिहा.

आणि चादर कुणी धरली होती, तेही लिहा.